स्वयंपाकघराच्या दाराने

खसखशीच्या सारणाचा वास. ज्या खोलीत आता कुणीच काही शिजवत नाही, त्या खोलीतून.

स्तोत्र क्रमांक एकशे चौदा. सर्वांनी उभे राहावे.

ओलं गवत घट्ट बांधून रचलं की ते आतल्या आत तापत जातं. बाहेरून हात लावणाऱ्याला ते थंडच लागतं.

भिंतीतला दाराएवढा एक तुकडा. त्याच्या विटा बाकीच्या भिंतीपेक्षा जरा लाल.

एका मुलीचं काळीज, माझ्या पाठीवर धडधडणारं.

नाव टाका. आडनाव टाका. काउंटी निवडा. शोधा.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत. मी एक जुनी पाटी आहे. शाळेत मुलं लिहितात तसली नाही. पकडून आणलेल्या माणसाच्या गळ्यात अडकवतात, आणि मग त्याचा फोटो काढतात, तसली. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, वेदरबी काउंटीत म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, कोर्टाच्या इमारतीत, नोंदींच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर मी टांगलेली आहे. तिथे ऑगस्टातही गार वाटतं. का वाटतं ते मी सांगणार आहे.

पण माझा जन्म तुरुंगात झाला नाही, हे आधी सांगू द्या.

चर्चच्या मागे अक्रोडाचं एक मोठं झाड होतं. त्याच्यावर वीज पडली. याकुब नावाच्या, युरोपातल्या बोहेमियाहून आलेल्या सुताराने त्या पडलेल्या झाडाची एक फळी घेतली, रंधा मारून गुळगुळीत केली, तिच्यात तीन आडव्या खाचा पाडल्या आणि वर कडी ठोकली. ती मी. त्या खाचांमध्ये आकड्यांच्या पट्ट्या सरकवत असत. आज कोणती स्तोत्रं गायची, त्यांचे क्रमांक. रविवारी सकाळी सगळं चर्च मान वर करून माझ्याकडे पाहायचं, पुस्तकांची पानं सळसळायची, आणि मग गाणं सुरू व्हायचं. माझ्याकडे पाहून माणसं गायची, मित्रांनो. एवढं भाग्य किती लाकडांच्या वाट्याला येतं?

मग कुणीतरी चर्चला नवी, मोठी, दिव्यांची पाटी भेट दिली. मी तळघरात गेले. तिथे फुटक्या मेणबत्त्यांच्या खोक्यावर पडलेली असताना काउंटीचा पोलीसप्रमुख, शेरीफ लॅड वाव्रा, याने मला पाहिलं. लॅड म्हणजे आडवा, मिशाळ, सावकाश बोलणारा माणूस. त्याला तुरुंगासाठी पाटी हवीच होती. नाव, तारीख, आकडा अशा तीन ओळी पाहिजेत, आणि माझ्यावर तीनच खाचा. त्याने मेलेल्या कुत्र्याची साखळी माझ्या कडीत अडकवली. त्याच्या बायकोने, अल्बिनाने, शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर अक्षरं रंगवली. माझं नवं आयुष्य सुरू झालं.

लक्षात घ्या, माझ्यावर गुन्हा कधीच लिहिला जात नव्हता. फक्त नाव, तारीख, आकडा. गुन्हा वहीत. माझ्या खाचांत तेवढी जागाच नव्हती.

*

तेव्हाचा तुरुंग म्हणजे कोर्टाच्या मागचं विटांचं घर. पुढच्या भागात शेरीफचा संसार, मागच्या भागात कोठड्या, आणि मधे स्वयंपाकघर. शेरीफ पकडून आणायचा, त्याची बायको दोन्हीकडच्या माणसांना एकाच पातेल्यातलं जेवायला घालायची. स्वयंपाकघर आणि कोठड्या यांच्या मधल्या बोळात एक खिळा होता. त्यावर मी. तिथून मला दोन्हीकडचं दिसायचं.

माझ्या साखळीत मान घालणारा पहिला माणूस म्हणजे वर्जिल. शनिवारी प्यायचा, रविवारी चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने गायचा. त्याने खाली मान घालून मला पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले.

“अरे लॅड, ही तर आपली गाण्याची पाटी! आज कितवं म्हणायचं?”

“तुला हवं ते म्हण. पण सुरात म्हण, माझी पोरं झोपलीत.”

वर्जिलने म्हटलं. सुरात नव्हतं.

पण सगळेच काही वर्जिल नव्हते. गळ्यात साखळी पडली की माझी पाठ माणसाच्या छातीला टेकायची, आणि मला ठोके ऐकू यायचे. काहींचे घोड्यासारखे धावायचे. काहींचे इतके हळू, की मीच घाबरायचे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की एवढ्या वर्षांत मला ठोक्यांवरून चोर ओळखता येऊ लागला असेल. नाही आला. खरंच गुन्हा केलेल्याचं काळीज आणि न केलेल्याचं काळीज सारखंच उडतं. हे मी शपथेवर सांगते.

फरक कळायचा तो दारावरून.

ज्याच्यावर खटला, तो समोरच्या दाराने जायचा, हातात बेड्या, थेट कोर्टाच्या पायऱ्यांकडे. ज्याच्याबद्दल काही निघालं नाही, चुकून आणलं होतं, त्याला लॅड मागे न्यायचा. अल्बिना त्याच्या हातात फडक्यात बांधलेल्या कोलाची ठेवायची. कोलाची म्हणजे मधे खळगा असलेली गोड पावरोटी, त्या खळग्यात खसखस किंवा आलुबुखार भरलेला. आणि तो माणूस स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडायचा. समोर गल्ली, गल्लीपलीकडे पेंडीचं दुकान, दुकानासमोर बाकडं, बाकड्यावर म्हातारे. त्यांनी पाहिलं म्हणजे झालं. सूर्य मावळायच्या आत काउंटीच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोहोचायची: अमका स्वयंपाकघरातून गेला.

त्यापुढे कुणी त्या माणसाला डिवचत नसे. मुलीचं लग्न ठरवताना बाप विचारायचा, “पकडला होता म्हणतात. कोणत्या दाराने सुटला?” स्वयंपाकघर म्हटलं की विषय संपला. कोर्टाच्या निकालापेक्षा अल्बिनाच्या कोलाचीला जास्त मान होता.

आणि म्हणूनच कुणी ते वहीत लिहीत नव्हतं. आणलं ते लिहायचे, कारण कायदा तसं सांगतो. सोडलं ते सगळ्यांना दिसायचं.

*

१९७९ च्या जुलैत ऑर्विल क्लाइनचं गवताचं कोठार जळालं.

क्लाइन म्हणजे गवतातला राजा. कापणी कधी करावी, वाळवावं किती, बांधावं कधी, हे तो साऱ्या काउंटीला शिकवायचा, न विचारता शिकवायचा. त्याच्याकडे त्या हंगामात ट्विला ह्रुस्का नावाची एक मुलगी कामाला होती. एकोणीस वर्षांची, लांब वेणी, तोंडाने जरा फटकळ. ती कोठारामागे चोरून सिगारेट ओढायची, हे दोघातिघांनी पाहिलं होतं. कोठार जळालं. मग कुणाला आणणार?

साखळी तिच्या गळ्यात अल्बिनाने घातली.

“वेणी बाहेर काढ गं पोरी, कडीत अडकेल.”

“काकू, मी नाही केलं.”

“ते लॅडला सांग. मला एवढं सांग, सकाळपासून काही खाल्लंस का?”

ट्विलाने मान हलवली. कॅमेऱ्यामागे मर्ल दोस्ताल होता, लॅडचा नवा हवालदार, कान मोठे, गणवेश ढगळ.

“हलू नकोस,” मर्ल म्हणाला. “आणि हसू नकोस.”

“हसतंय कोण मेलं!”

फोटो निघाला. तो क्षण मी विसरलेले नाही, कारण मला तो विसरूच दिला जात नाही. पिंजऱ्यात धरलेल्या चिमणीसारखं तिचं काळीज माझ्या पाठीवर आपटत होतं. लॅडने वहीत लिहिलं: आग लावणे.

मग काही दिवसांनी मर्ल धावतच बोळात आला. हात काळेकुट्ट, आणि दोन्ही हातांत गवताच्या गठ्ठ्याचा एक मोठा तुकडा. त्याने तो सरळ अल्बिनाच्या टेबलावर ठेवला.

“माझ्या पिठात!” अल्बिना ओरडली.

“लॅड, हे बघ. वरून पिवळं, आतून कोळसा. हे बाहेरून पेटलेलं नाही. आतून पेटलंय. गवत ओलं बांधलं होतं.”

त्याच्यामागून ऑर्विल क्लाइन आत आला. टोपी हातात. एवढा उंच माणूस, पण त्या दिवशी खांदे असे पडले होते की दारातून येताना त्याला वाकावं लागलं नाही.

“आदल्या दिवशी पाऊस झाला होता,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “पुन्हा आभाळ भरून आलं. मी घाई केली.”

लॅडने गवताचा तो तुकडा उलटा करून पाहिला.

“हे कुठे लिहू नका, लॅड,” क्लाइन म्हणाला. “मी ओलं गवत बांधलं म्हणजे... लोक हसतील.”

“लोक हसतील म्हणे!” अल्बिनाने लाटणं आपटलं. “आणि आत बसलीय ती पोर?”

“ती निघाली घरी,” लॅड उठत म्हणाला. “आत्ताच निघाली.”

मर्ल वही उघडून उभा होता. “पण इथे काय लिहू? तिच्या नावापुढे?”

लॅडने क्लाइनकडे पाहिलं, कोठड्यांच्या दाराकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला.

“काही नको लिहूस. स्वयंपाकघरातून जातेय ना ती? अख्ख्या काउंटीला कळेल. लिहायचं कशाला?”

मर्लने वही मिटली. त्या घरात त्या दिवशी एकही वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. एकीची मुक्तता झाली, एकाची अब्रू राहिली, आणि गरम कोलाचीचा वास सगळीकडे भरला होता.

*

माणसं जातात. आधी अल्बिना गेली. स्वयंपाकघर थंड झालं. मग लॅड. हमरस्त्याच्या कडेला नवा तुरुंग झाला, तिथे फोटो यंत्रच काढतं, पाटी लागत नाही. विटांच्या घरात करवसुलीचे कागद ठेवू लागले. हिवाळ्यात वारा येतो म्हणून स्वयंपाकघराचं दार विटांनी बुजवलं. पेंडीचं दुकान बंद पडलं. बाकडं कुणी नेलं ते मला माहीत नाही.

मला कोर्टाच्या बोळात आणून टांगलं, ‘जुन्या काळची गंमत’ असं खाली लिहून. काउंटीच्या जत्रेत मुलं मला खाली काढायची, गळ्यात घालायची, माझ्यात ‘केक चोर’ अशा पट्ट्या लावून फोटो काढायची. त्यांची काळजं आनंदाने उडत असायची. ते मला आवडायचं. नाही म्हणणार नाही. बाकी वर्षभर धूळ, आणि साखळीला गंज.

मग एका उन्हाळ्यात काउंटीच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की सगळ्या जुन्या नोंदी संगणकावर चढवायच्या. “लोकांच्या नोंदी आहेत, लोकांना दिसू देत,” असं ते म्हणाले. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. एकदा एक बाई खिडकीवर आली, नवऱ्या मुलाचं नाव दिलं, त्याने आधी दोन बायकांना कसं मारलं होतं ते वाचलं, आणि बोटातली अंगठी काढून पाकिटात टाकून सरळ आईच्या घरी गेली. हे नोंदींमुळेच झालं. म्हणून मी नोंदींना शिव्या देत नाही.

पण त्या उन्हाळ्यानंतर माझ्याबाबतीत जे सुरू झालं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

कुठेतरी कुणीतरी नाव टाकतं. आडनाव टाकतं. काउंटी निवडतं. फोटो उघडतो. आणि माझी साखळी ताणली जाते. माझ्यामागे भिंत असायला हवी, तिथे छाती येते. गरम. ठोके देणारी. जोपर्यंत तो फोटो तिथे कुणाच्या डोळ्यांपुढे उघडा आहे, तोपर्यंत ते माणूस इथे माझ्यामागे उभं राहतं, त्याच तारखेचं, त्याच वयाचं. फोटो मिटला की जातं. जाताना थोडा गारवा मागे ठेवून जातं.

वर्जिलला जाऊन कित्येक वर्षं झाली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कंटाळलेले दोघे त्याला बोलावतात. “हा बघ, तुझा आजोबा! डोळे बघ कसे!” हसतात. वर्जिल माझ्यामागे उभा असतो. आता तो गात नाही. कितवं म्हणायचं ते मी त्याला सांगू शकत नाही.

शेजारी शेजाऱ्याला बोलावतो. घरमालक भाडेकरूला. मोडलेल्या लग्नातली माणसं एकमेकांना, पुन्हा पुन्हा. कधी कधी दोन-तीन फोटो एकाच वेळी उघडतात, आणि माझ्या एका साखळीत दोन-तीन माना येतात. नोंदींच्या खिडकीमागे मार्ला बसते, चाळिशीतली, बोलकी. ती उन्हाळ्यातही स्वेटर घालते आणि म्हणते, “या बोळात काय पुरलंय कोण जाणे!”

बाई गं, पुरलेलं काहीच नाही. तेच तर दुखणं आहे.

*

मग एका वर्षी वसंतात ट्विला येऊ लागली. म्हणजे एकोणीस वर्षांची. वेणीवाली.

आधी महिन्यातून एकदा. मग रोज. मग एका सकाळी किती वेळा आली, मी मोजणं सोडून दिलं. कुणीतरी तो फोटो उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. तीच चिमणी, तोच पिंजरा. मी अक्रोडाची असून मला वाटलं की मला तडा जाईल.

आणि एका दुपारी ती स्वतःच दारातून आत आली. साठी उलटलेली, आखूड पांढरे केस, शाळेच्या भोजनगृहात वाढपाचं काम करून आलेली, बुटांना पीठ. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ खिडकीशी गेली.

“मार्ला, माझी एकोणऐंशीची नोंद आहे ना, तिचा शेवट शोधून दे.”

मार्लाला आधीच ठाऊक होतं. काउंटी लहान आहे. ट्विलाची मुलगी नशेच्या गोळ्यांच्या नादाने गेली होती, तिची लहानगी ब्री बालकल्याण खात्याने ओमाहा शहरात परक्या लोकांच्या घरी ठेवली होती, आणि ट्विलाने नातीला मागितलं होतं, म्हणून खातं तिच्या जुन्या नोंदी तपासत होतं.

“शोधलं गं. अटक शेरीफकडे असते, ती आहे. निकाल कोर्टाकडे असतो, तो नाही.”

“नाही म्हणजे?”

“खटलाच झाला नाही, तर निकाल कुठून येणार? तुझ्या नावाची फाइलच नाही.”

“मग तेच तर! फाइल नाही म्हणजे मी केलं नाही.”

“फाइल नाही म्हणजे फाइल नाही,” मार्ला हळूच म्हणाली. “हरवली, जळाली, चुकीच्या कपाटात गेली, काहीही असू शकतं. तसं खात्यातल्या बाई म्हणतील. राज्याकडेही विचारून पाहिलं. त्यांच्याकडे इथूनच गेलेलं आहे. आग लावणे. पुढे कोरं.”

ट्विलाने खिडकीच्या फळीवर दोन्ही हात टेकले. “कोरं,” ती म्हणाली. आणि मग, “ती माझ्याशिवाय झोपत नाही, मार्ला. दिवा लावून ठेवतात म्हणे तिच्यासाठी. तिला दिवा नको असतो. तिला पाठीवर हात हवा असतो.”

पुढच्या आठवड्यात ओमाहाहून बालकल्याण खात्याची कॅरिसा आली. तरुण, दमलेली, दप्तर कागदांनी फुगलेलं. तीच तो फोटो रोज उघडत होती. वाईट हेतूने नाही. शेवट सापडावा म्हणून.

“माझा तुमच्यावर विश्वास आहे, ट्विलाबाई,” ती बोळातल्या बाकावर बसत म्हणाली. “पण न्यायाधीशांना विश्वास पाठवता येत नाही. लहान मूल आहे आणि शब्द आहे ‘आग’. त्यापुढे काय झालं ते कुणीतरी सांगायला हवं. शुक्रवारी सुनावणी आहे.”

“येतोय तो,” ट्विला म्हणाली.

दार उघडलं. पायांना टेनिसचे चेंडू खोचलेला वॉकर आधी आला, त्यामागे मर्ल. ऐंशीला टेकलेला, कान आणखी मोठे झालेले. वृद्धाश्रमातून त्याला मार्लाने गाडीत घालून आणलं होतं. तो माझ्यापाशी थांबला.

“ही अजून आहे?” त्याने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. “हिच्या साखळीत लॅडचा कुत्रा होता. बस्टर. चावरा होता मेला.”

“मर्ल,” ट्विला म्हणाली, “मी कोण, ओळखलंस?”

“ह्रुस्कांची पोर. तोंडाळ. तुझी वेणी कुठे गेली?”

कॅरिसाने वही काढली. “मिस्टर दोस्ताल, १९७९ मध्ये ट्विलाबाईंना अटक झाली. त्या प्रकरणात पुढे काय झालं, आठवतंय तुम्हाला?”

“आठवतंय म्हणजे! स्वयंपाकघरातून गेली ती.”

कॅरिसाची लेखणी थांबली. “स्वयंपाकघरातून... म्हणजे पळून गेल्या?”

“पळून?” मर्ल खवळला. “कोलाची हातात घेऊन कोण पळतं? अहो बाई, स्वयंपाकघरातून! स्वयंपाकघराच्या दाराने! मार्ला, सांग हिला!”

“माझी आजी म्हणायची तसं,” मार्ला कॅरिसाला सांगू लागली. “ज्याच्यावर काही नाही, त्याला शेरीफ...” पण तिचं तिलाच ते ऐकताना कसंतरी वाटलं असावं. ती मधेच थांबली.

“दार दाखवता येईल?” कॅरिसाने विचारलं.

दाराच्या जागी विटा होत्या.

“मग मला हे लिहून द्या,” कॅरिसा म्हणाली. “का सोडलं, कुणी सोडलं. तुमच्या सहीने.”

मर्लने मान हलवली. “लिहायचं कशाला? सगळ्यांना ठाऊक आहे.”

‘लिहायचं कशाला?’ ते वाक्य माझ्यासमोर दुसऱ्यांदा जन्मलं, मित्रांनो. शब्द न् शब्द तोच. माझी साखळी आपोआप हलली. मार्लाने स्वेटर ओढून घेतला.

ट्विला त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे गुडघे वाजले.

“मर्ल. सगळ्यांना म्हणजे कुणाला रे?”

“सगळ्यांना. लॅडला...” त्याने एक बोट मिटलं. “अल्बिनाला.” दुसरं. “ऑर्विल क्लाइनला. त्यानेच तर... बाकड्यावरच्या त्या म्हाताऱ्यांना, काय त्यांची नावं...” त्याने हात वर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. अंगठा तेवढा उभा होता.

“मला,” तो म्हणाला.

“आणि मला,” ट्विला म्हणाली. “आणि माझं कुणी ऐकत नाही.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. कॅमेऱ्यामागून त्याने मला आयुष्यभर पाहिलं. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आले, जसं काही तिथे कुणी उभं आहे का ते बघावं. तिथे कुणी नव्हतं. त्याला तसं वाटलं, एवढंच.

“पेन द्या,” तो म्हणाला.

त्याने खिडकीच्या फळीवर टेकून लिहिलं. पिवळं गवत, आतला कोळसा, टेबलावरचं पीठ, लॅड काय म्हणाला, सगळं. मधेच थांबून त्याने विचारलं, “ऑर्विलचंही लिहू? त्याला नको होतं गं. लोक हसतील म्हणून.”

“लिही,” ट्विला म्हणाली. “हसायला तरी कोण उरलंय?”

मर्ल हसला. मग त्याने ते लिहिलं. मार्लाने शपथ घ्यायला लावली आणि शिक्का मारला.

*

न्यायाधीशांनी मर्लचा कागद मानला, आणि ब्री शरद ऋतूत आजीकडे राहायला आली. कागदांवर सह्या करायला ट्विला तिला घेऊन कोर्टात आली होती. ती पोर माझ्याखाली उभी राहिली, मान वर करून. चर्चमधल्या माणसांसारखी.

“आजी, ही कसली पाटी?”

ट्विलाने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. लहानपणी, आईच्या शेजारी बसून, तिने मला चर्चमध्ये पाहिलेलं होतं.

“गाण्याची,” ती म्हणाली. “हिच्यावर आकडा लावला की लोक गातात.”

मर्ल त्या हिवाळ्यात गेला. काउंटीने आपल्या पानावरून ट्विलाचा फोटो काढून टाकला. पण त्याच्या नकला दुसऱ्यांनी करून ठेवल्यात, दूर कुठे कुठे, आणि तिथून त्या कुणी काढत नाही. अजूनही अधूनमधून कुणीतरी तो उघडतं. ती येते. वेणीवाली. तिला ब्री माहीत नाही, मर्लचा कागद माहीत नाही. तिला फक्त ‘हलू नकोस’ एवढंच माहीत आहे. मी तिला टेकून राहते. दुसरं काय करू शकते?

आणि ती एकटी नाही. स्वयंपाकघराच्या दाराने गेलेले कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी आता कुणी मर्ल उरलेला नाही. ते माझ्यामागे उभे राहतात, नावापुढे कोरी जागा घेऊन, आणि त्या कोऱ्या जागेत बघणारा हवं ते भरतो.

मित्रांनो, मला धुळीतून काढा, माझी साखळी पुसा, असं मी मागत नाही. माझं झालं. एवढंच मागते. कुणाबद्दल सुरुवात लिहाल, तर शेवटही लिहा. सगळ्यांना ठाऊक असलं तरी लिहा. सगळे मरतात. आणि कुणाचं नाव शोधायला बसाल, तर त्यापुढच्या कोऱ्या जागेपाशी थोडं थांबा. तिथे दार होतं का, ते विचारा. विचारायला कुणी जिवंत असेल, तर आजच विचारा.

१९७९ च्या जुलैत, एका मंगळवारी, भर दुपारी, ट्विला ह्रुस्का स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडली, पायरीवर बसून एक कोलाची खाल्ली आणि घरी गेली.